मोजायला आलेली पाहुणी

तीन दिवसांपासून सिंगापुरातल्या आमच्या तोआ पायोहवर धूर उतरलाय. समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले सकाळी दिसतच नाहीत, दुपारी जेमतेम दिसतात. इथे याला हेझ म्हणतात. समुद्रापलीकडच्या बेटांवर दलदलीची जमीन पेटते आणि वारा तो सगळा धूर उचलून आमच्या बाल्कनीत आणून टाकतो. लोक मास्क लावून एमआरटी मेट्रोत चढतात, फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघतात. खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधली कॉफीवाली आंटी मला बजावते, "खिडक्या लावून घे हां." काल बांबूवर वाळत घातलेले कपडे काढले तर सगळ्यांना वास. आमच्या तारानं, वय वर्षं तेरा, तिचा टी-शर्ट दोन बोटांत धरला आणि नाक मुरडलं. "ममा, सो स्मोकी! जस्ट वॉश अगेन लाह." मी कुठला धुतेय? तो टी-शर्ट बेडरूममध्ये नेला, दार लावलं आणि नाकाशी धरून बसले. माझी मलाच लाज वाटली.

ज्या वासाला इथे सगळे शिव्या घालतात, त्या वासात मी एक अख्खा उन्हाळा काढलाय. आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. मिलिंदला लग्नाआधी सांगितलं, ताराला झोपवताना सांगितलं, रविवारी बुद्धवंदनेला जमणाऱ्या आपल्या लोकांत चहा पिता पिता तर कितीदा सांगितलं असेल. मात्र दर वेळी निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं या आठवड्यात लिहावं लागलं, आणि आता गप्प बसवत नाही.

आयर्लंडच्या पश्चिमेला एक गाव. नाव सांगत नाही, सांगूनही कुणाला माहीत असणार नाही. एक चर्च, एक शाळा, एकच दुकान, तेच पोस्ट आणि मागच्या खोलीत तोच पब. हाकेच्या अंतरावर विखुरलेली तीसेक घरं. गावाच्या पाठीमागे बॉग. बॉग म्हणजे पाय टाकला की दबणारी, तपकिरी, लांबच लांब ओली जमीन. हजारो वर्षांचं गवत नि शेवाळ पाण्याखाली धड कुजलेलं नाही, धड टिकलेलं नाही, त्याचा काळाकुट्ट थर. आम्ही शास्त्रवाले त्याला पीट म्हणतो. गाववाले तो विटांसारखा कापून वाळवतात, वर्षभर चुलीत जाळतात आणि त्याला टर्फ म्हणतात. इथे पलीकडच्या बेटांवर जळतंय तेही पीटच. मी पीएचडी संपवून नुकतीच तिकडे पोस्टडॉक म्हणून गेले होते आणि त्या बॉगची मोजणी माझ्या वाट्याला आली होती. पाणी किती खोल, थर किती जाड, कुठला काठ, म्हणजे टर्फ कापायची कड, अजून कापतात, कुठला सोडून दिलाय. "नुसतं संशोधन आहे," असं मी गावात सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या मोजणीवरून पुढे बॉग संरक्षित ठरून कापणी बंद होऊ शकते हे मला माहीत होतं, आणि ते मी सांगितलं नाही.

राहायला होते नोराकडे. सत्तरीची विधवा, एकटीच, अंगानं काटकुळी आणि आवाज असा की बोलली की वाटावं भांडतेय. पहिल्या दिवशी मी बॅग उतरवत होते, तर तिनं ती माझ्या हातातून हिसकावूनच घेतली. "तुझ्या देशात पाहुणीला ओझं वाहायला लावतात का गं?" मला तिचं इंग्रजी निम्मं कळायचं आणि माझं तिला त्याहून कमी. तरी आम्ही दिवसभर बडबडत असू. चूल कधी विझायची नाही. निजताना नोरा निखारा राखेखाली पुरायची आणि सकाळी फुंकर घालून परत जागा करायची. तिच्या सासूनं तसंच केलं, सासूच्या सासूनंही. तो गोडसर, मातकट, घशात बसणारा धूर माझ्या केसांत, स्वेटरात, वहीच्या पानांत शिरला.

गावाचा इतिहास नोराला पाठ. पुस्तक बिस्तक नाही, चालता चालता बोट दाखवून सांगायची. ऊन तिरपं झालं की समोरच्या टेकडीवर ओळीनं वरंबे उमटायचे, आज गवताखाली गेलेले. "ते बटाट्याचे," ती म्हणायची. "लावले होते, काढलेच नाहीत. काढायला होतं काय? सगळे कुजलेले." दुष्काळात तिथली घरं संपली. काही माणसं मेली, काही बोटीनं गेली. छपरं नसलेल्या भिंती अजून उभ्या आहेत, आत मेंढ्या बसतात. आणि मग ती त्या माणसाची गोष्ट सांगायची. जमीनदारानं पाठवलेला, साखळी घेऊन शेतं मोजायला आलेला. तो उतरला नोराच्या पणजोबांकडेच. त्या उपाशी घरानं शेवटची कोंबडी कापून त्याला जेवू घातलं, कारण पाहुणा होता. तो जेवला, मोजून गेला, आणि पुढच्या महिन्यात अकरा घरांची छपरं पाडली. "त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे," नोरा म्हणाली, "पण गावात कुणी घेत नाही." हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्याच टेबलाशी बसून तिच्याच पावाला लोणी लावत होते. माझ्या मनात काही आलंसुद्धा नाही. खरंच नाही! शिकलेलं माणूस किती ठोंब्या असू शकतं याचा हा घ्या नमुना.

एकदा ती मला बॉगच्या कडेला घेऊन गेली. गवतात छोटे छोटे दगड, कशावरही काही कोरलेलं नाही. बाप्तिस्मा व्हायच्या आधी मेलेली तान्ही पोरं तिथं पुरलेली. चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती म्हणून गावाबाहेर. "यातला एक माझा भाऊ," नोरा म्हणाली. "कुठला ते आईलाही सांगता आलं नाही." मी तिचा हात धरला. गावाबाहेर म्हणजे काय ते मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. वस्ती ओढ्यापलीकडे. बाबांची तीन एकर जमीन आणि एक बैलजोडी. गावात इर्जिकीची पद्धत होती. ज्याच्या वावराची नांगरट मागं पडली त्यानं सांगावा धाडायचा, सगळ्यांनी आपापले बैल घेऊन यायचं, एका दिवसात रान उलथून टाकायचं आणि त्याच्याकडे जेवून जायचं. बाबा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या इर्जिकीला गेले. बाजूला बसून जेवायचे, घरून नेलेल्या ताटलीत. एका वर्षी आमचा एक बैल लंगडा झाला. बाबा दारोदार जाऊन सांगून आले, आणि सगळे म्हणाले, "येतो की!" आईनं पंधरा माणसांचं मटण रांधलं, भाकऱ्यांची चवड रचली. दुपार झाली तरी ओढा ओलांडून कुणी आलं नाही. नांगराला त्यांची हरकत नव्हती हो, जेवणाला होती. मी सात वर्षांची. मी दोन दिवस मटण खाल्लं, ताट चाटूनपुसून. इतका आनंद झाला होता मला. बाबांनी मग महिनाभर कुदळीनं ते रान खणलं आणि त्याबद्दल आयुष्यात चकार शब्द काढला नाही.

तर आता त्या जूनमधला तो दिवस. टर्फ कापून झाला होता. ओल्या विटा काठावर ओळीनं पसरल्या होत्या, आणि आता त्या एकेक उचलून, पाच-सहांची टोकं एकमेकांना टेकवून, वारा जाईल अशा उभ्या करायच्या. कंबरेचे टाके ढिले करणारं काम. एकट्याच्यानं होत नाही, म्हणून सगळं गाव आज याच्या काठावर, उद्या त्याच्या. त्यांच्या जुन्या भाषेत त्याला मेहल म्हणतात. इर्जिकच ती. सकाळी नोराचा पुतण्या शॉन ट्रॅक्टर घेऊन दारात आला नि म्हणाला, "आज काकूचा काठ आहे. येतेस?" मला! मी बूट चढवले आणि पळत सुटले.

ट्रॅक्टर गेला तो बॉगच्या पार पूर्वेच्या टोकाला, टेकाडामागे. तो काठ माझ्या नकाशात नव्हताच. नकाशात ती बाजू कधीच सोडून दिलेली, मोकळी दाखवली होती. मी दिवसभर विटा उभ्या केल्या. म्हातारे, पोरी, शाळामास्तर, दुकानवाली, सगळे वाकलेले. माशा नुसत्या चावून खात होत्या. भोवती बॉगवरचं पांढरं कापूस-गवत वाऱ्यानं हलत होतं, वर कुठला तरी पक्षी अखंड किलबिलत होता आणि हे लोक एकमेकांची यथेच्छ टर उडवत होते. माझ्या विटा पडल्या की शॉन ओरडायचा, "इंडियाचा मनोरा कोसळला!" दुपारी टर्फच्याच जाळावर चहा उकळला. उकडलेली अंडी, हॅम, सोडा घालून भाजलेला पाव. माझ्या मगमधला निम्मा चहा संपला होता, नोराला तहान लागली, तिनं माझ्या हातातून मग घेतला आणि माझ्याच मगमधून घटाघटा प्यायली. तोंड पुसलं, मग परत दिला. एवढंच. मी पाठ फिरवून उभी राहिले. डोळ्यांत माशा गेल्या म्हणून सांगितलं. मला बाबा दिसत होते, ओढ्याकडे बघत बसलेले. वाटलं, बाबा, बघा, एका गावानं आपल्याला पंगतीत घेतलं.

आणि त्याच संध्याकाळी, तिकडे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, नोराच्या टेबलाशी बसून मी खिशातल्या जीपीएस यंत्रातून त्या काठाचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले. यंत्र दिवसभर चालूच होतं, सवयीनं. रकाना समोर होता, 'सध्याचा वापर'. मी थांबले. किती वेळ थांबले ते आठवत नाही, पण थांबले हे नक्की. आता कुणाला सांगायचं की मला सुचलंच नाही, तर तो साफ खोटेपणा होईल. घरात रोज पंचशील म्हणत वाढलेली मी. खोटं बोलणार नाही, चौथं शील. बाबा म्हणायचे, आपल्याकडे दुसरं काही नाही, निदान लिहू ते खरं लिहू. मी लिहिलं, 'चालू कापणी'. चुलीपाशी नोरा माझे ओले मोजे वाळत घालत होती.

पुढच्या वसंतात गावाला नोटीस गेली. पूर्वेचा काठ बंद, मग हळूहळू सगळाच बॉग बंद. मी तोवर सिंगापूरला आले होते. शॉनच्या ख्रिसमसच्या पत्रांतून कळत गेलं. नोराच्या घरात तेलाचा हीटर बसवला. सासूच्या सासूपासून न विझलेली चूल विझली. एकाच दिवशी सगळं गाव वाकून काम करायचं तो दिवस गेला आणि त्या दिवसाबरोबर बरंच काही गेलं. म्हातारे येईनासे झाले, शाळेतली मुलं कमी होत होत शाळा बंद झाली, पबला कुलूप लागलं. सगळं माझ्यामुळे असं नव्हे. मी काही एवढी मोठी लागून गेले नाही. पण त्यातली एक ओळ माझ्या हातची आहे. कुणी मला दोष दिला नाही. पत्राखाली दर वर्षी असायचं, 'काकू तुझी आठवण काढते.'

बरं, माझं चुकलं होतं असंही नाही. पीट जाळू नये, हे मी आज इथल्या विद्यापीठात पोरांना शिकवते. खिडकीबाहेर जे चाललंय ते बघा. ताराला खोकला झालाय, शेजारच्या आजोबांना श्वास घेता येत नाही. मी तेव्हा बरोबर होते, आजही बरोबर आहे. या बरोबर असण्याचा मला वीट आलाय.

गेल्या शनिवारी, हेझ यायच्या आधी, आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो होतो. बोटीनं दहा मिनिटं, मग भाड्याच्या सायकली. तिथं जुनी कंपोंगची, म्हणजे मलाय खेड्यातली, घरं जपून ठेवलीत, पत्र्याची छपरं, खांबांवरचे व्हरांडे. मिलिंद म्हणाला, "बघ, सिंगापूरचं शेवटचं खेडं." एका व्हरांड्यात म्हातारी बाई भाजी निवडत बसली होती आणि सायकलवाले थांबून थांबून तिचे फोटो काढत होते. तिनं मान वर केली नाही. जपलेलं गाव असं दिसतं. त्यापेक्षा मोडलेलं बरं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मिलिंद म्हणाला, "तुला झालंय काय?"

झालं होतं हे. शॉनची मेल आली होती. गाव आपलं पुस्तक काढतंय. घराघराचा इतिहास, कोण कुठून आलं, कोण कुठल्या बोटीनं गेलं. त्या नाव नसलेल्या तान्ह्या पोरांनाही त्यात एक पान आहे. 'आणि एक पान तुझं,' त्यानं लिहिलं होतं. 'तू आमच्यातली आहेस. त्या उन्हाळ्याबद्दल लिही.' मी ती मेल किती वेळा वाचली असेन! माझ्या स्वतःच्या गावात शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला, स्मरणिका निघाली, त्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीचं नावसुद्धा नव्हतं. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचं एक गाव म्हणत होतं, ये, तुझं पान आहे. मला ते पान हवं होतं. लहान पोरीला बाहुली हवी असते तसं हवं होतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

एका बैठकीत लिहिलं. निखारा, कापूस-गवत, मनोरा, चहाचा मग. मिलिंदला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे गं. पाठव." मग म्हणाला, "मोजणीचं काही नाही यात?" त्याला बाकीचं निम्मं मी त्याच क्षणी सांगितलं, लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर. "काय गरज आहे?" तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी? म्हातारीला त्रास, तुला त्रास." बरोबर होतं त्याचं. पण मला ती साखळीवाल्याची गोष्ट आठवली. ज्या पुस्तकात त्याच्याबद्दल पान असेल, त्याच पुस्तकात मी गोड गोड लिहून पाहुणी म्हणून मिरवणार? खाल्ल्या मिठाला जागले नाही ते नाही, वर पुन्हा त्या मिठाचं वर्णन? गोड पान पुसून टाकलं. दुसरं लिहिलं. सगळं. मी कशाला आले होते, काय सांगितलं, काय लपवलं, कुठला काठ, कुठला रकाना. शेवटी लिहिलं, 'ज्या दिवशी तुम्ही मला आपलं मानलंत त्याच दिवशी मी तुमच्याविरुद्ध लिहिलं. माफी मागते.' आणि पाठवून दिलं.

आज दुपारी फोन वाजला. नोरा. पंच्याऐंशी पार केलीय, आवाज तस्साच.

"शॉननं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "मी दोनदा वाचायला लावलं."

"नोरा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं गं."

"काय सांगणार होतीस? आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू कशाला आलीस ते. गावात कुणी मोजायला येतं ते काय आमची उंची मोजायला? तो टेकाडामागचा काठ तुला आज ना उद्या सापडणारच होता. मग आम्ही बसलो आणि ठरवलं, आपणच नेऊ. काम करू दे, खाऊ-पिऊ घालू. आपल्यात बसून जेवलेली मुलगी नाही लिहिणार."

बाहेर धूर, आत पंखा फिरतोय, तारा सोफ्यावर पाय पसरून माझ्याकडे बघतेय. मी विचारलं, "सगळंच? नोरा, सगळंच त्यासाठी?"

"आता काय सांगू पोरी," ती म्हणाली. "थोडं ते, थोडं खरं. दिवस चांगला गेला होता. आता माझं मलाच वेगळं काढता येत नाही."

मग तिनं खाकरून घसा साफ केला. पान छापणार नाहीत, म्हणाली. काल चर्चच्या हॉलमध्ये सगळे बसले होते, वाचलं, आणि हात वर करून ठरवलं. पुस्तक गावच्या माणसांचं आहे. शॉन वाईट वाटून घेतोय, त्याला बोलवेना म्हणून तिनं फोन केला.

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? राग आला होता, तिचा, त्यांचा, स्वतःचा, आणि रडूही येत होतं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. मी म्हटलं, आधी एक वेगळं पान लिहिलं होतं. त्यात मोजणी नव्हती. नुसता उन्हाळा होता. ते पाठवलं असतं तर?

"छापलं असतं की," नोरा म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर मागितलं होतं. म्हटलं, गेलं ते गेलं, पोरीला घेऊ या गावात." मग म्हणाली, "आणि तू परत खरं लिहिलंस."